ओव्हर घेणार कोण?



ह्या पानावर आम्ही एरवी बेणेप्रक्रिया, हुमणी, पाचट आणि तोडणीचा क्रम ह्यांविषयी लिहितो. ते आमचे कामच आहे. ह्या खेपेस म्हाताऱ्या माणसांविषयी लिहीत आहोत. ऊस विकास खात्याने हा विषय काढावा ह्याचे कोणास नवल वाटेल. पण तो आम्ही कुठून शोधून आणलेला नाही, नोंदणीच्या रजिस्टरातूनच वर आला आहे. सातबारा ज्यांच्या नावावर, ते सभासद सत्तरीच्या पुढचे. मुलगा पुण्याला, नातू बंगलोरला, शेत वाट्याने दिलेले. आणि स्वतः सभासद सोप्यातल्या खाटेवर. आमचा फिल्डमन नोंदीचा फॉर्म घेऊन जातो तेव्हा सही घेण्यासाठी आधी त्यांना दोघांनी धरून बसवावे लागते. मग तो परत येऊन सांगतो, "साहेब, आण्णांची पाठ बघवत नाही हो."

सन २०११ च्या जनगणनेत देशातील साठीवरील माणसांचे प्रमाण शेकडा ८.६ होते, तर आपल्या महाराष्ट्राचे शेकडा १० च्या घरात. त्यानंतर ते वाढलेच आहे. आपल्या कार्यक्षेत्रातल्या कोणत्याही गावात सकाळी पारावर कोण बसलेले असते ते पाहिले, तर आकड्यांची गरजही पडू नये. जे पारावर येऊ शकत नाहीत ते घरात असतात. त्यांना उठवणे, बसवणे, पुसणे, भरवणे हे सगळे घरातली सून किंवा तितकीच म्हातारी बायको करते. तिला हे काम कोणी शिकवलेले नसते. आपण गृहीत धरतो की बाईमाणसाला ते येतेच. आमचे मत असे की ते येत नाही. ती एक विद्या आहे, तिला शिकावे लागते, आणि ती विद्या ज्यांच्यापाशी आहे अशा निवृत्त परिचारिका आपल्याच गावांत आणि आपल्याच भाऊबंदांत विचारपूस न होता बसून आहेत.

हे मत आमचे पक्के झाले ते गासला. आमच्या खात्यातले आम्ही चौघे वसईकडची बागायत पाहण्यास गेलो होतो. नालासोपारा स्टेशनाच्या पश्चिमेला उतरून सोपारा मागे टाकले की गास लागते. केळी, भाजीपाला, फुले, पानवेल अशी तिथली वाडी. मधूनमधून गोड्या पाण्याची बावखले. तिकडचे लोक राजेळी केळी उन्हात वाळवून सुकेळी करतात, ती आम्ही पोटभर खाल्ली. वसईचा आणि उसाचा संबंधही जुना आहे. सन १८८२ च्या ठाणे जिल्ह्याच्या गॅझेटियरात वसईच्या ऊस-केळीच्या बागायतीची दखल घेतलेली आहे. आता गाळपाचा ऊस तिथे नाही. असो, पाणी देण्याच्या पद्धतीवर आम्ही वेगळे टिपण देऊच.

ज्यांची वाडी पाहिली त्या बागायतदारांच्या आत्या घरी होत्या. वय ७८. मुंबईत ३४ वर्षे परिचारिकेची नोकरी करून निवृत्त झालेल्या. वसईच्या ख्रिस्ती समाजातल्या पुष्कळ मुलींनी शिक्षिका नाहीतर परिचारिका व्हावे असा रिवाजच होता. पहाटे अंधारात स्टेशन गाठायचे, लोकल धरायची, सकाळपाळी संपवून वाडीतल्या भाजीच्या जुड्या बांधायला पुन्हा घरी. बाईंनी आपले नाव आणि इस्पितळाचे नाव छापू नका असे बजावले आहे. गाव त्यांना 'सिस्टर' म्हणते, तसेच आम्हीही म्हणू.

सिस्टर लिहितात. निवृत्तीनंतर दोन महिने रोज रात्री झोपेतून जाग येई, म्हणाल्या, रिपोर्ट लिहायचा राहिला असे वाटे. शेवटी भाच्याकडून शंभरपानी वही मागवली आणि खरेच रिपोर्ट लिहायला बसल्या. तेव्हापासून अकरा वह्या झाल्या. आम्हांस वाटले होते आठवणी असतील, मोठमोठ्या डॉक्टरांच्या गोष्टी असतील. तसे काही नव्हते. एकेका पानावर एकेका रोग्याचे काय झाले आणि त्यावरून काय कळले एवढेच. नाव कुठेच नाही, फक्त खाटेचा नंबर.

आम्ही विचारले, इतके नेटके लिहायला कुठे शिकलात? तर म्हणाल्या, "रात्रपाळीत. सकाळी जी येणार तिला रात्री काय झालं ते माहीत नसतं, एवढं ध्यानात ठेवून लिहायचं. 'पेशंट बरा आहे' असं लिहिलं तर आमची मेट्रन वही परत भिरकावायची. बरा म्हंजे काय? नाडी किती? लघवी किती वेळा झाली? झोपला तो किती वाजता? बरा आहे हे तुझं मत झालं, मला तुझं मत नको, तू काय बघितलंस ते सांग."

हे ऐकून आमच्यातले चिटबॉयपासून वर चढलेले एक जुने सहकारी मोठ्याने हसले. कारण आमच्या प्लॉट पाहणीच्या वह्यांतून 'ऊस बरा आहे' हे वाक्य पानोपानी सापडते. लागणीची तारीख, उगवण शेकडा किती, नांग्या किती, शेवटचे पाणी कधी, हे लिहायचे सोडून 'बरा आहे'. पाहणाऱ्याला कंटाळा आला की पीक बरे असते.

परिचारिकांच्या भाषेत पाळी संपताना पुढच्या पाळीच्या बाईला सगळ्या रोग्यांची माहिती सांगण्याला 'ओव्हर देणे' म्हणतात. नुसती वही हातात ठेवून चालत नाही. खाटेपाशी उभे राहून सांगावे लागते, आणि घेणारीने ओव्हर घेतली असे म्हटल्याखेरीज देणारीला वॉर्ड सोडता येत नाही. मग तिची गाडी चुको, घरी मूल तापाने फणफणलेले असो. सिस्टर म्हणाल्या, "साहेब, म्हातारपणाचं मला तसं भय नाही. मरणं मी इतकी पाहिली की त्याचंही नाही. पण माझं कसं झालंय, पाळी संपली, वही लिहून तयार आहे, अन् पुढच्या पाळीची बाईच आलेली नाही. मी आपली दारात उभी." त्यांच्या वाड्यातली मुले आखातात आणि कॅनडात आहेत, भाचा वाडी सांभाळतो, पण तो पडला पुरुषमाणूस, त्याला ह्यातले काही सांगू गेले तर उठून पंप बघायला जातो.

शेवटचे वाक्य त्या हसत म्हणाल्या. आम्हांस मात्र आपल्या भागातली कितीतरी घरे डोळ्यांपुढे आली.

आता त्यांच्या वहीत काय आहे ते थोडे सांगतो, कारण ते आपल्या घरोघरी उपयोगी आहे. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस दर दोन तासांनी बदलावी. माकडहाड, टाचा, कमरेची दोन्ही हाडे, खवाटे आणि डोक्याची मागची बाजू रोज उजेडात पाहावी. कातडी लाल झाली असेल तर बोटाने दाबून सोडावे. दाबल्यावरही लाली जात नसेल तर जखमेची सुरुवात झाली असे धरावे आणि त्या जागेवर भार येऊ देऊ नये. येथे सिस्टरांनी एक गोष्ट मुद्दाम सांगितली. त्यांच्या उमेदीच्या काळात पाठ स्पिरिट लावून खसाखसा चोळीत आणि खाली रबरी रिंग देत. आता दोन्ही बाद झाले आहे. लाल झालेली जागा चोळली की आतले मांस अधिकच दुखावते, आणि रिंगच्या कडेने रक्त अडते. ७८ व्या वर्षी ही बाई स्वतः शिकलेले स्वतः खोडते, ह्याचे आम्हांस कौतुक वाटले. आमच्यात असे शेतकी तज्ज्ञ थोडे.

दुसरे. आडवे निजवून भरवू नये. पाठीशी उशा देऊन बसवावे आणि जेवणानंतरही अर्धा तास तसेच बसू द्यावे, नाहीतर घास श्वासनळीकडे जातो आणि न्यूमोनिया होतो. म्हाताऱ्या माणसाला तहान कमी लागते, म्हणून मागेल तेव्हा पाणी देऊ हा हिशेब चुकतो. लघवी गडद पिवळी झाली की पाणी कमी पडते आहे. (उसाला पाणी कमी पडले तर पान गुंडाळते, ते आपल्याला बांधावरून कळते. घरात कळत नाही.)

आणि तिसरे, जे ऐकून आम्ही गप्प झालो. काल-परवापर्यंत नीट बोलणारा म्हातारा एकाएकी बरळू लागला, माणसे ओळखीनासा झाला, रात्री उठून शेतावर जातो म्हणू लागला, की आपण म्हणतो म्हातारचळ लागला. सिस्टर म्हणतात, हळूहळू वर्षानुवर्षे विसरणे वेगळे आणि दोन दिवसांत भ्रम होणे वेगळे. दोन दिवसांत झाले असेल तर तो आजार समजावा. लघवीत जंतू झाले असतील, छातीत कफ धरला असेल, साखर उतरली असेल, नवे औषध बाधले असेल. म्हाताऱ्या माणसाला ताप येईलच असे नाही. कधी कधी भ्रम हाच ताप. अशा माणसाला त्याच दिवशी दवाखान्यात न्यायचे. आपल्या गावांत अशी किती माणसे 'आता वय झालं' म्हणून घरातच ठेवली गेली असतील, ते ज्याचे त्याने आठवावे.

ही विद्या किती मोठी आहे ह्याचे उदाहरण आपल्याच राज्यात घडले आहे. मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयातील तरुण परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर २७ नोव्हेंबर १९७३ रोजी त्याच रुग्णालयातील एका वॉर्डबॉयने अत्याचार केला. गळा आवळला गेल्याने मेंदूचा प्राणवायू तुटला आणि त्या पुन्हा कधी भानावर आल्या नाहीत. १८ मे २०१५ रोजी त्यांचे निधन झाले. मधली एकेचाळीस वर्षे त्या के.ई.एम.च्याच एका खोलीत होत्या. त्या काळात परिचारिकांच्या किती तुकड्या आल्या आणि निवृत्त झाल्या. अरुणाबाईंची पंचविशी संपली, चाळिशी गेली, साठी आली. खाटेवरच त्या म्हाताऱ्या झाल्या. आणि एवढ्या वर्षांत त्यांच्या अंगाला पाठीच्या जखमा होऊ दिल्या नाहीत, हे तपासणाऱ्यांनी नोंदवले. इच्छामरणाच्या अर्जावर सर्वोच्च न्यायालयाने ७ मार्च २०११ रोजी निकाल दिला, त्यात रुग्णालयातील ह्या सेवेचा गौरवाने उल्लेख आहे. एका निवृत्त परिचारिकेने पगार नको, गाडीभाडेही नको, मी येऊन त्यांची शुश्रूषा करीत राहीन, असे कळविल्याचीही त्यात नोंद आहे.

जगवणे बरोबर की सोडवणे बरोबर, ह्या वादात आम्ही पडत नाही. तो मोठा प्रश्न आहे, आणि सन २०१८ मध्ये न्यायालयाने त्यावर आणखी निकाल दिला आहे. आम्हांस दिसते ते इतकेच की एकेचाळीस वर्षे ओव्हर तुटली नाही. सकाळपाळीने दुपारपाळीला, दुपारपाळीने रात्रपाळीला, निवृत्त होणारीने नव्याने रुजू होणारीला. घेणारी नेहमी आलेली होती. अनोळखी मुली हे करू शकल्या. आपल्या घरात मात्र दोन भावांत आई कोणाकडे ह्यावरून बैठक बसवावी लागते.

सिस्टरांचे आणि आमचे दोन बाबतींत पटले नाही, तेही सांगावयास हवे. त्यांचे म्हणणे, हल्लीच्या मुलींना पूर्वीसारखी ओढ नाही, सगळ्या परदेशाच्या व्हिसाकडे डोळे लावून असतात. आम्हांस हे मान्य नाही. सन २०२० आणि २०२१ मध्ये कोरोनाच्या साथीत सख्खी माणसे जवळ येईनात, तेव्हा त्या प्लॅस्टिकच्या पोशाखात तासन् तास घामाने भिजून उभ्या राहिलेल्या मुली हल्लीच्याच होत्या. परदेशी जातात हे खरे, पण येथे पगार काय मिळतो, तेही पाहावे.

दुसरे, त्यांच्या वह्या छापण्याचे. आम्ही म्हटले, हे छापा. त्या म्हणाल्या, "नको. खाटेवर पडलेल्या माणसानं मला अंग दाखवलं ते नर्स म्हणून. ते मी बाजारात मांडणार नाही." त्यांची भावना आम्ही समजतो आणि तिचा मान ठेवतो. परंतु रोग्याची लाज झाकून विद्या उघडी करता येते, आणि त्यांनी तर ते करूनच ठेवले आहे. नाव नाही, गाव नाही, खाटेचा नंबर फक्त. वसईसारख्या भागात, जिथे 'सुवार्ता' मासिकाने कित्येक लिहिते हात घडवले, आणि जिथल्या फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांना सन २०२० मध्ये उस्मानाबादच्या (आताचे धाराशिव) मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद मिळाले, तिथे एका परिचारिकेच्या अकरा वह्या ट्रंकेत पडून राहाव्यात हे आम्हांस रुचत नाही.

परिचारिकेने लिहिले तर ते कुठवर पोहोचते, ह्याचे एक उदाहरण उसकऱ्यांच्या जवळचे आहे. फ्लॉरेन्स नाइटिंगेल म्हटले की आपल्याला कंदील घेतलेली बाई आठवते. क्रिमियाच्या युद्धावरून ती सन १८५६ मध्ये परतली, आणि पुढच्याच वर्षी तिची प्रकृती ढासळली. त्यानंतर सन १९१० मध्ये नव्वदाव्या वर्षी मरेपर्यंत तिचा पुष्कळसा काळ अंथरुणात आणि खोलीत गेला. खाटेपाशी उभे राहण्याचे काम संपले, पण लिहिणे चालू राहिले. हिंदुस्थानात ती एकदाही आली नाही. तरीही येथली खेडी, पाणी, कालवे, दुष्काळ ह्यांवर कागदपत्रे मागवून तिने पानेच्या पाने लिहिली. सन १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यात सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या जाळल्या. दख्खनच्या त्या कर्जबाजारी रयतेविषयी ह्या बाईने सन १८७८ मध्ये विलायतेच्या मासिकात लेख लिहिला. पुण्याच्या सार्वजनिक सभेशी ग्रामस्वच्छतेबद्दल तिचा पत्रव्यवहार होता. सावकारी पाशातून सुटण्यासाठी आपल्या लोकांनी पुढे सहकाराचा मार्ग धरला. त्याच्या कितीतरी आधी, सात समुद्रांपलीकडे अंथरुणात बसून एक परिचारिका आपल्या आज्या-पणज्यांच्या कर्जाचा हिशेब मांडीत होती, हे आपल्या सभासदांना माहीत असावे.

आणि इतके लांब तरी कशाला जायचे? सावित्रीबाई फुले सन १८९७ च्या प्लेगात रोग्यांची शुश्रूषा करता करता १० मार्च रोजी गेल्या. वय ६६. कवितेचे पुस्तक त्यांनी तेविसाव्या वर्षी छापले होते, आणि सासष्टाव्या वर्षी त्या प्लेगचे रोगी दत्तक मुलाच्या, डॉ. यशवंतरावांच्या, दवाखान्यात पोहोचवीत होत्या. त्या वयाला आपण म्हाताऱ्यांना 'आता स्वस्थ बसा' म्हणतो.

हे 'स्वस्थ बसा' फार घात करते, असे सिस्टर म्हणाल्या. ह्यावर आम्हांस आमच्याच धंद्यातले बोलल्याशिवाय राहवत नाही. लागणीच्या उसाला आपला शेतकरी डोळ्यांत तेल घालून जपतो. ऊस गेला, खोडवा राहिला, की पाठ फिरवतो. पाचट जाळतो, बुडखे जमिनीलगत छाटीत नाही, नांग्या भरीत नाही, खत फेकून देतो, आणि मग म्हणतो खोडव्यात दम नसतो. खोडव्याच्या मुळात दम असतो. मालकाचे लक्ष गेलेले असते. पाचट सरीत राखून, पहारीने खत देऊन, वेळेवर पाणी दिलेला खोडवा नांगरट आणि बेण्याच्या खर्चाशिवाय चांगला उतारा देतो, हे आपल्या कार्यक्षेत्रात ज्यांनी केले त्यांनी काट्यावर पाहिले आहे. माणसाला पिकाची उपमा पुरी लागू पडत नाही हे आम्ही जाणतो. माणूस टनावर मोजायचा नसतो. पण पाठ फिरवण्याची आपली खोड दोन्हीकडे एकच आहे.

गासहून परतताना सोपाऱ्याचा बौद्ध स्तूप पाहिला. सोपाऱ्यातच सन १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांना सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा मिळाला. हा आठवा लेख राजाने शिकारीचे दौरे सोडून धर्मयात्रा सुरू केल्याचा आहे, आणि त्या यात्रेत करावयाच्या कामांत म्हाताऱ्यांची भेट घेणे व त्यांना पैशाची मदत देणे हेही येते. आमच्या सहकाऱ्यांनी विचारले, आधी भेट का, आधी मदत का नाही? आम्हांस वाटते, क्रम बरोबर आहे. दर महिन्याला मुलगा मोबाईलवरून पैसे पाठवतो अशी घरे आपल्याकडे आता कमी नाहीत.

निरोप घेताना सिस्टरांनी एक प्रश्न विचारला, त्याचे उत्तर आमच्यापाशी नव्हते. "तुमच्याकडे ऊस तोडायला बाया येतात ना? त्यांचं कोण बघतं?" त्यांनी वर्तमानपत्रात वाचले होते. सन २०१९ मध्ये ऊसतोड महिलांच्या गर्भपिशव्या काढण्याचे प्रकरण गाजले, राज्य सरकारने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, आणि बीड जिल्ह्यातल्या पाहणीत १३,००० हून अधिक महिलांची अशी शस्त्रक्रिया झाल्याचे आढळले. कोपीत राहायचे, पहाटे चारला फडात जायचे, मोळी डोक्यावरून ट्रॉलीत चढवायची, पाळीच्या दिवसांत खाडा पडला तर पैसे कापले जातात. मग ती बाई तिशीतच पिशवी काढून मोकळी होते आणि चाळिशीतच म्हातारी. वाढत्या वयाविषयी लिहायचे आणि वयाच्या आधी म्हाताऱ्या होणाऱ्या ह्या बायांना वगळायचे, हे बरे दिसणार नाही. हा ऊस आपल्या नावावर काट्यावर जातो.

आता कारखान्याने काय करावे? सहकारी साखर कारखानदारीने ह्या राज्यात रुग्णालये आणि परिचारिकांची महाविद्यालयेसुद्धा उभी केली आहेत. प्रवरानगरजवळच्या लोणीला, कराडला जाऊन कोणीही पाहावे. तेवढे मोठे आम्ही मागत नाही, आणि संचालक मंडळाच्या अधिकारात शिरण्याचा आमचा इरादा नाही. पण आपल्या कार्यक्षेत्रात निवृत्त परिचारिका किती आहेत ह्याची यादी तरी करता येईल. सरकारी दवाखान्यांतून, मुंबई-पुण्याहून निवृत्त होऊन माहेरी किंवा सासरी परतलेल्या बाया बऱ्याच असतील. गटवार शेतकी मेळावे आपण घेतोच. दोन तासांच्या मेळाव्यात हुमणीवर आम्ही दीड तास बोलतो, त्यातला अर्धा तास सोडायला आम्ही राजी आहोत. त्या अर्ध्या तासात एका खाटेवर एखाद्या पोऱ्याला निजवून परिचारिकेने कूस कशी बदलायची, कसे बसवायचे, कुठे पाहायचे ते करून दाखवावे. आणि मेळाव्याला पुरुष येतात हे ह्या बाबतीत चांगलेच आहे. सुनांना घरी शिकवता येईल; मुलांनी आधी शिकावे. आई-बापाच्या अंगाला हात लावायला लाज वाटते असे एक सभासद आम्हांस म्हणाले. गायीच्या कासेला हात घालायला वाटत नाही, ह्यापलीकडे आम्ही त्यांना काही बोललो नाही.

हंगामात टोळ्या उतरल्या की त्याच परिचारिकांनी आठवड्यातून एकदा कोप्यांवर जावे, जाण्या-येण्याची सोय कारखान्याच्या जीपने व्हावी, मानधनाचे संचालक मंडळाने पाहावे. फुकट सेवेची अपेक्षा आम्ही करणार नाही. अरुणाबाईंसाठी एका बाईने गाडीभाडे नाकारले हे तिचे मोठेपण; ते आपण दुसऱ्यांकडून मागायचे नसते.

आणि वह्या. प्रत्येक गट कार्यालयात ऊस नोंदीच्या रजिस्टराशेजारी एक वेगळी वही ठेवण्याची परवानगी आम्ही मागितली आहे. परिचारिकांनी सांगितलेले तिच्यात फिल्डमन उतरून घेतील, आणि त्यातले काही निवडून दर अंकात ह्या पानावर देऊ. ज्या घरात खाटेवर माणूस आहे तिथेही एक वही असावी: औषध कधी दिले, किती खाल्ले, कूस कधी बदलली, कातडी कुठे लाल दिसली. 'बरे आहेत' असे लिहू नये.

सिस्टरांनी आम्हांस अकरापैकी एक वही उतरून घ्यायला दिली आहे, छापण्याच्या अटी आमच्यात ठरावयाच्या आहेत. तोवर ज्या सभासदांच्या घरी, भावकीत किंवा गावात निवृत्त परिचारिका असतील त्यांनी त्यांची नावे, त्यांना विचारून, आपापल्या गट कार्यालयात फिल्डमनकडे द्यावीत. बॉयलर पेटला की आमची माणसे तोडणीच्या कामात अडकतात, तेव्हा नावे त्याआधी यावीत.